धाराशिवमध्ये सौर पॅनल दक्षिणेकडे का कलवतात?

धाराशिवच्या शिवारातला कुठलाही सौरपंप बघा. त्याचं पॅनल सपाट नसतं, दक्षिणेकडे कललेलं असतं. ऊन तर डोक्यावरून येतं, मग हा तिरकेपणा कशासाठी?

उत्तर अक्षांशात आहे. धाराशिव शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १८.२ अंशांवर आहे, तर कर्कवृत्त २३.४ अंशांवर. धाराशिव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: १२-१३ मेच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस. तेव्हा दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान उभ्या खांबाची सावली गायब होते. हाच शून्य सावली दिवस. (मे महिन्यातलाच बघून घ्या, जुलैत ढगांचा भरवसा नाही.) या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो.

डिसेंबरमध्ये मात्र तो दक्षिणेकडे सरकतो आणि २१-२२ तारखेला भरदुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. ऊन तिरपं आलं की तेच ऊन जास्त जागेवर पसरतं. टॉर्च सरळ खाली धरा, मग तिरपी करा. उजेडाचा गोल लांबट आणि फिका होतो, तसंच.

हिशेब केला तर त्या दुपारी सपाट पॅनलला थेट उन्हाचा ७५ टक्केच भाग मिळतो. तेच पॅनल दक्षिणेकडे १८ अंश कलवलं, तर ९२ टक्के. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आहे. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य १५ अंशांच्या वर जात नाही आणि सपाट पॅनलच्या वाट्याला जेमतेम चौथा हिस्सा येतो.

धाराशिव हा ज्वारी-हरभऱ्याचा, म्हणजे रब्बीचा जिल्हा. पिकाला पाणी लागतं ते नेमकं थंडीत, जेव्हा दिवसही ११ तासांचाच असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा असतो. म्हणून जितका अक्षांश तितका कल, हा ढोबळ नियम इथे कामाचा ठरतो. जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे गेल्यावर याच कलामुळे थोडं नुकसान होतं, पण तोवर पाऊस आलेला असतो. आला तर!

मग मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज मिळत असेल? तसंही नाही. पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. २५ अंश सेल्सिअसच्या वर पॅनल जितकं तापेल, तितकी दर अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते.

पॅनलची जागा उन्हाळ्यात ठरवत असाल, तर दक्षिणेला काय आहे ते आधी बघा. तिथल्या २० फुटी बाभळीची सावली मेच्या दुपारी बुंध्याशीच असते. डिसेंबरच्या दुपारी तीच सावली सुमारे १८ फूट उत्तरेला, थेट पॅनलवर येऊ शकते.