दवातली पाखरे, लाकडातली कवके

महाराष्ट्रातला हिवाळा ऑक्टोबरच्या अखेरीस हळूहळू उतरतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टिकतो. या काळात हवा कोरडी होते, पहाटे दव पडते आणि पावसाळ्यात रानभर पसरलेले पाणी तलाव, बंधारे व धरणांच्या उथळ कडांपुरते उरते. गवत पिवळे पडून बसते, साग पाने ढाळू लागतो, पांढरूखाची पांढरीफटक खोडे लांबून उठून दिसतात. पावसाळ्यात हिरवाईने झाकलेले बरेच काही आता उघडे पडते. म्हणूनच निसर्गफेरीला सुरुवात करायची तर हाच ऋतू उत्तम. त्यासाठी लांबचे अभयारण्य गाठावे लागत नाही. गावतळे, शेताचा बांध आणि टेकडीची पायवाट एवढे पुरते. मात्र तीच वाट पुन्हा पुन्हा चालावी लागते, कारण या ऋतूतले बदल आठवड्या-आठवड्याने होतात.

सर्वांत आधी ध्यानात येतात ते पाहुणे पक्षी. करडा धोबी सप्टेंबरातच ओढ्याकाठी शेपटी खालीवर हलवत फिरू लागतो. त्यामागून थिरथिरा येतो. शेपटी सतत थरथरवण्याच्या सवयीमुळे तो दगडी कुंपणावर किंवा पडक्या भिंतीवरही लगेच ओळखता येतो. तलावांवर तलवार बदक, थापट्या, चक्रांग आणि चक्रवाक उतरतात. मराठी माणसाने ज्याला वारकरी म्हटले तो काळा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी इथे बाराही महिने असतो, पण हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या थव्यांमुळे त्याची संख्या फुगते.

या पाहुण्यांत पट्टकादंब हा हंस विशेष. तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियातल्या पठारांवर त्याची वीण होते आणि हिवाळ्यासाठी तो हिमालय ओलांडून भारतात येतो. उपकरणे बसवून केलेल्या अभ्यासात हे पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना नोंदले गेले आहेत. त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडते. असा पक्षी भिगवणजवळ उजनीच्या पाण्यालगत किंवा गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वरला शांतपणे गवत खुडताना दिसतो. त्यामागचा प्रवास माहीत असेल तर ते दृश्य साधे राहत नाही. नांदूरमध्यमेश्वर हे २०२० साली रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. ठाण्याच्या खाडीला तो दर्जा २०२२ मध्ये मिळाला. या खाडीच्या चिखलात हजारो रोहित हिवाळा आणि उन्हाळा काढतात. त्यांत धाकट्या रोहितांची संख्या मोठी असते. ते चोच उलटी धरून गाळातली सूक्ष्म शैवाले गाळून खातात. ओहोटीची वेळ पाहून गेल्यास ते उघड्या चिखलावर पसरलेले दिसतात. भरती आली की थवे सरकतात, म्हणून खाडीकाठच्या फेरीत घड्याळाइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक उपयोगी पडते.

पाण्याइतकीच माळरानेही महत्त्वाची आहेत, पण त्यांच्या वाट्याला कौतुक फार कमी येते. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या कमी पावसाच्या गवताळ माळांना सरकारी कागदात आणि बोलण्यातही ‘पडीक’ म्हटले जाते. प्रत्यक्षात हिवाळ्यात तिथे भोवत्यांची वस्ती असते. माँटेग्यूचा भोवत्या आणि फिकट भोवत्या गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत जातात आणि टोळ, नाकतोडे, सरडे, उंदीर टिपतात. संध्याकाळी ते झाडावर न जाता गवतातच जमिनीवर एकत्र विसावतात. गवत जळाले किंवा नांगरले गेले की त्यांचा मुक्कामच नाहीसा होतो. सकाळी पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर येतात, धाविक उघड्या जमिनीवर पळताना दिसतो आणि नशीब असेल तर चिंकारा, खोकड किंवा लांडग्याचे ठसे धुळीत सापडतात. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळाचे नाव त्यामुळेच निसर्गप्रेमींच्या ओठी असते. माळ म्हणजे झाडांविना राहिलेले जंगल, हा समज मोडायला हिवाळ्यातली एक सकाळ पुरेशी आहे. तिथे खड्डे खणून झाडे लावणे हा उपकार नव्हे.

रब्बी ज्वारीच्या शेतांवर भोरड्या येतात. त्यांची वीण मध्य आशियात होते. ऑगस्टपासून त्या इकडे यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. कणसे भरली की त्यांच्या थव्यांमागे गोफणी फिरतात. पण याच भोरड्या टोळ आणि अळ्याही खातात. पुढे काटेसावर, पळस, पांगारा फुलला की मधासाठी फांद्यांवर गर्दी करतात. संध्याकाळी रातथाऱ्यावर उतरण्यापूर्वी त्यांचे थवे आकाशात वळतात, फुटतात आणि पुन्हा मिळतात.

आकाशातून नुसते पुढे जाणारेही असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या परिसरात अमूर ससाणे दिसतात. चीन-सायबेरियाकडून निघालेले हे छोटे शिकारी ईशान्य भारतातला मुक्काम आटोपून समुद्रावरून आफ्रिकेकडे जातात. त्याच सुमारास पिवळसर रंगाचे भटके चतुरही भारतातून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून त्यांचे थवे कसे उतरतात हे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले. एकाच वाऱ्यावर ससाणा आणि त्याचे भक्ष्य दोघेही प्रवास करतात, असे त्यातून सुचवले गेले.

कीटक आणि सरपटणारे प्राणी हिवाळ्यात उन्हाच्या मागे असतात. फुलपाखरे सकाळी पंख पसरून ऊन घेत पानावर बसतात, म्हणून ती या वेळी जवळून पाहता येतात. निलवंत हे २०१५ साली घोषित झालेले राज्य फुलपाखरू पावसाळ्यानंतरही सह्याद्रीच्या दमट घळींत उडताना दिसते. गवतावरची कोळ्यांची जाळी दवामुळे पांढरी होऊन उमटतात. ऊन चढले की ती पुन्हा अदृश्य होतात. घोणसीचा मीलनकाळही हाच. ती दिवसाही पायवाटेवर किंवा बांधावर ऊन खात पडलेली असते आणि वाळक्या पाचोळ्यात सहज मिसळते. बंद बूट, खाली नजर आणि दगडाखाली हात न घालणे, एवढी शिस्त हिवाळी फेरीत हवीच.

कवकांचा हंगाम पावसाळ्यात संपला असे बहुतेकांना वाटते. वारुळातून उगवणारी, कोकण-गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी अळंबी खरोखरच तेव्हा संपलेली असतात. पण छत्री हे कवकाचे फक्त फळ. त्याचे खरे शरीर म्हणजे लाकडात, मातीत पसरलेले तंतू, आणि ते हिवाळ्यातही काम करत असतात. शिवाय लाकडावरची टणक कवके कोरड्या दिवसांतच नीट पाहता येतात. जुन्या आंब्याच्या किंवा गुलमोहराच्या बुंध्याशी फळीसारखी बाहेर आलेली, वरून लाखेसारखी तकतकीत दिसणारी गॅनोडर्मा अनेकांनी पाहिलेली असते. तिच्या खालच्या बाजूला अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून तपकिरी बीजाणू झडतात; ते आसपासच्या पानांवर कोकोच्या भुकटीसारखे साचतात. वाळक्या फांद्यांवर शिझोफायलम कम्यून ही पांढुरकी, लवदार, नखाएवढी पंखाकृती कवके असतात. त्यांचे खालचे पडदे लांबीने दुभंगलेले असतात. हवा कोरडी झाली की ते आत वळून बीजाणूंच्या थराला झाकतात आणि ओल मिळताच पुन्हा उघडतात. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर तीच फांदी दुसऱ्या दिवशी पाहिली तर हा बदल साध्या भिंगातून स्पष्ट दिसतो.

खडकावर आणि सालीवर दिसणारे करडे, फिकट हिरवे पापुद्रे म्हणजे दगडफूल, कवक आणि शैवाल यांचे एकत्र राहणे. कवक आधार आणि ओल देते, शैवाल प्रकाशातून अन्न करते. गोड्या मसाल्याला जो वास येतो त्यात या दगडफुलाचा वाटा असतो, त्यामुळे हे कवक मराठी स्वयंपाकघरात न ओळखता पोचलेले आहे. महाबळेश्वरच्या जुन्या जंगलातल्या फांद्यांवर ते दाटून आढळते. गंधकाच्या वायूने दूषित हवेत त्याच्या नाजूक जाती टिकत नाहीत. म्हणून शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडाची साल आणि डोंगरातल्या झाडाची साल पडताळून पाहणे हा फेरीतला अतिशय बोलका अभ्यास होतो.

हिवाळ्यातल्या कवकांना सर्वांत जास्त मराठी नावे मात्र शेतकऱ्यांनी दिली आहेत. गव्हावर तांबेरा, द्राक्षावर आणि बोरीवर भुरी, ज्वारीवर काणी आणि खडखड्या. यांतल्या तांबेऱ्याची कथा पक्ष्यांच्या स्थलांतराला जोडूनच सांगावी अशी आहे. मैदानी प्रदेशाच्या उन्हाळ्यात त्याचे बीजाणू तगत नाहीत. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी दाखवून दिले की तांबेरा डोंगरातल्या गव्हावर जिवंत राहतो आणि दरवर्षी तिथून मैदानात उतरतो. दक्षिणेत खोडावरच्या तांबेऱ्याचा उगम निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आहे. नोव्हेंबरातल्या बंगालच्या उपसागरावरच्या वादळांसोबत त्याचे बीजाणू उत्तरेकडे वाहतात आणि पावसाबरोबर पिकावर पडतात. पानावर दवाची ओल काही तास टिकली की ते रुजतात. पट्टकादंब उत्तरेकडून येतात त्याच दिवसांत हे न दिसणारे पाहुणे दक्षिणेकडून पोचतात.

पक्षी आणि कवके यांची आणखी जवळची गाठ वठलेल्या झाडात पडते. कवक आतला गाभा कुजवून मऊ करते. मग तांबट आणि सुतार हिवाळा सरताना तिथे बिळे कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत मैना, पोपट, पिंगळा घर करतात. धनेशासारख्या मोठ्या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, त्यामुळे कुजून तयार झालेल्या मोठ्या पोकळीवाचून त्याची वीण होत नाही. उद्यानांत आणि रस्त्याकडेला वठलेले झाड ‘धोकादायक’ म्हणून सरसकट पाडले जाते. जिथे खाली वर्दळ नाही तिथे ते निदान बुंध्यापुरते उभे ठेवले तर कवके आणि पाखरे दोन्ही राहतात.

पक्ष्यांच्या नोंदींची परंपरा आता रुजली आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर या जन्मदिनांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. कवकांसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जुना नमुनासंग्रह आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय साठा आहे. फेरीतल्या नोंदवहीत पक्ष्याबरोबर तारीख, वेळ, संख्या आणि जागा लिहितात. कवकासाठी ते कोणत्या झाडावर आहे, झाड जिवंत की वठलेले, खालच्या बाजूला पडदे की छिद्रे, हे लिहिणे आवश्यक असते. ताजी छत्री मिळाल्यास ती रात्रभर पांढऱ्या-काळ्या कागदावर पालथी ठेवून बीजाणूंचा रंग पाहता येतो. चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न मात्र करू नये. विषारी आणि खाद्य जाती दिसायला सारख्या असू शकतात. नमुना तोडण्याऐवजी वरून, खालून आणि बाजूने छायाचित्र घेतले तर बहुतेक वेळा निदान प्रजातीगटापर्यंत तरी पोचता येते.