सौजन्य : एक शब्द, अनेक कामे

वृद्धांना वाट करून देणारा, चुकून धक्का लागला तर क्षमा मागणारा आणि मतभेद झाला तरी आवाज न चढविणारा मनुष्य सर्वांना हवासा वाटतो. त्याच्या अंगच्या या गुणाला सौजन्य म्हणतात. ‘सुजन’ म्हणजे भला माणूस. सुजनाचा जो भाव ते सौजन्य. ‘सुंदर’पासून जसे ‘सौंदर्य’, तसेच ‘सुजन’पासून ‘सौजन्य’ हे भाववाचक नाम झाले आहे.

हाच शब्द वृत्तपत्रात आला म्हणजे त्याच्याकडे निराळी कामे येतात. ती ओळखता आली नाहीत, तर बातमी वाचूनही अर्धीच कळते.

वृत्तपत्रातील पुष्कळ छायाचित्रे त्या पत्राच्या छायाचित्रकाराने काढलेली असतात. पण तो सर्वत्र पोहोचू शकत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ मोहिमेतील ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. ३० ऑगस्ट रोजी ‘प्रज्ञान’ या सहा चाकांच्या फिरत्या गाडीने आपल्या कॅमेऱ्याने विक्रमचे छायाचित्र टिपले. तेथे कोणी बातमीदार उभा नव्हता. ते चित्र जगापुढे आले, ते भारतीय अवकाश संशोधन संस्थेकडून, म्हणजेच इस्रोकडून. अशा चित्राखाली बारीक अक्षरांत ‘इस्रोच्या सौजन्याने’ असे छापण्याची रीत आहे. येथे सौजन्य म्हणजे केवळ गोड वागणूक नव्हे. ‘हे चित्र आमचे नाही, ते अमुकांनी दिले आहे,’ अशी ती कबुली होय. तिच्यात देणाऱ्याचे आभार असतात आणि वाचकासाठी एक सूचनाही असते. एखाद्या कारखान्याच्या स्वच्छ, टापटीप अंगणाचे चित्र त्याच कारखान्याच्या सौजन्याने आले असेल, तर ते कोणी निवडले, हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानात येते.

‘सौजन्यभेट’ हा शब्दही बातम्यांत वारंवार आढळतो. परदेशाचा राजदूत राज्यपालांना केवळ मान देण्यासाठी भेटतो, तेव्हा तो शब्द अगदी योग्य असतो. परंतु निवडणूक तोंडावर आली असता दोन पक्षांचे पुढारी बंद दाराआड तासभर बोलतात आणि बाहेर येऊन ‘ही केवळ सौजन्यभेट होती’ असे सांगतात, तेव्हा काय करावे? चांगला बातमीदार त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप करीत नाही. पण त्यांचा शब्द तो आपला म्हणूनही छापीत नाही. ‘ही सौजन्यभेट होती, असे त्यांनी सांगितले,’ एवढेच तो लिहितो. आणि कोण आले, किती वेळ थांबले, हे जे स्वतः पाहिले, ते त्याच्या शेजारी मांडतो. निर्णय वाचकावर सोपवितो.

या शब्दाचा दुरुपयोगही होतो. कोणाचे तरी चित्र न विचारता उचलावयाचे आणि खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहून मोकळे व्हावयाचे, ही सवय आज बरीच पसरली आहे. इंटरनेट हा तर केवळ रस्ता आहे. रस्ता काही चित्र काढीत नाही. ते काढण्यासाठी कोणी तरी उन्हात उभा राहिलेला असतो. सौजन्य हे देणाऱ्याचे असते. त्याने दिलेच नसेल, तर ते सौजन्य कसले? भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानेही निर्मात्याचे हक्क मान्य केले आहेत. आपल्या कृतीचा प्रताधिकार त्याने दुसऱ्याला दिला, तरी ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो.

शाळेच्या भित्तिपत्रकावर चित्र लावणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे लागू आहे. चित्र कोणाचे, हे त्याने शोधावे, शक्य असेल तेथे परवानगी मागावी आणि मग खाली त्याचे नाव लिहावे. असे केले म्हणजे वृत्तपत्रातील सौजन्य आणि सुजनाचे सौजन्य ही दोन्ही पुन्हा एकच होतात.