जीपला उंची किती हवी?

पावसाळ्यात मावळात जीप न्यायची म्हटली, की ‘स्प्रिंगा बदलून दोन इंच उचलून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. लोहगड-विसापूरच्या पायथ्याचे धोंडे आणि भातखाचरांकडेचा चिखल पाहून मलाही तो पटू लागतो. पण वाचकहो, यातली गंमत ध्यानात घ्या. स्प्रिंगांनी वर जाते ती गाडीची बॉडी. मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथेच! दगडावर आपटतो तो तोच. त्याला उचलणार मोठा टायर. तोही व्यासाने दोन इंच वाढला, तर उंची एकच इंच देतो.

उलट बॉडी वर गेली, की गुरुत्वमध्यही वर जातो. खंडाळ्याच्या घाटात, वळणावर गाडी जास्त कलते. आणि मागे आपलीच मुले बसलेली असतात! प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, ब्रेकच्या नळ्या ताणतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहेच; मूळ बांधणीत मनमानी बदल त्याला चालत नाहीत.

तेव्हा माझे मत विचाराल, तर आहे त्याच मापाचे खोल नक्षीचे टायर घ्या, थकलेल्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर बदला. उरलेली उंची चालवणाराच्या सबुरीत असते!