गुंगी की भूल? श्वासावर लक्ष कोणाचं?

"डॉक्टर, बाबांना पूर्ण झोपवूनच टाका, त्यांना काही कळायला नको." नातेवाइकांचं हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. त्यामागची काळजी खरी असते. तरीही बऱ्याचदा आम्ही नाही म्हणतो. का, ते आज बघू.

समजा, पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालीय आणि बरगड्यांमधून सुई घालून यकृतात नळी बसवायची आहे. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत अशी कामं छोट्याशा छिद्रातून, पडद्यावर बघत केली जातात. त्वचा बधिर करतोच, पण आत दुखतं, भीतीही वाटते. म्हणून शिरेतून मिडाझोलाम आणि फेंटानिल देतो. पहिलं भीती कमी करतं, दुसरं वेदना. ही झाली गुंगी. यात पेशंट हाकेला ओ देतो, "श्वास रोखा" म्हटलं की रोखतो, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा श्वास स्वतः घेतो. पूर्ण भूल ही पुढची पायरी. तिथे श्वास सांभाळायला भूलतज्ज्ञ हवाच.

अडचण अशी, की गुंगीतून पुढच्या पायरीवर माणूस नकळत घसरतो. जो डोस तरुणाला जेमतेम पेंग आणतो, तोच सत्तरीच्या आजोबांचा श्वास मंदावू शकतो. दोन्ही औषधं एकत्र दिली की धोका आणखी वाढतो. म्हणून थोडं द्यायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, बघायचं, मगच पुढचं.

आता बघायचं म्हणजे काय? खोलीत अंधुक उजेड, पेशंट कापडाखाली झाकलेला. तो घोरायला लागला, की "छान झोप लागली" असं वाटतं. पण ते घोरणं म्हणजे जीभ मागे पडून श्वासाची वाट अरुंद होत असल्याची खूण असू शकते. करोनापासून घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर इथे उशिरा सांगतो. नाकातून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास थांबल्यावरही आकडा काही मिनिटं ९८ राहू शकतो. कॅप्नोग्राफ मात्र बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो. प्रत्येक श्वासाला एक लाट. श्वास थांबला की काही सेकंदांत रेघ सपाट.

पण ती रेघ बघणार कोण? आमचे डोळे सुईवर असतात. म्हणून पेशंटवर लक्ष ठेवायला एक वेगळी, प्रशिक्षित व्यक्ती हवी. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या सूचनाही हेच सांगतात. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आणि नॅलोक्सोन हाताशी असतात. पण त्यांचा असर आधी ओसरून पुन्हा गुंगी येऊ शकते. म्हणून काम संपलं तरी पहारा संपत नाही.

तुमच्याकडून काय हवं? खरी माहिती. रात्री घोरता का, झोपेची गोळी घेता का, दारू घेता का, हे मोकळेपणाने सांगा. आणि "फक्त अर्धा कप चहा घेतला" हे तर लपवूच नका. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाच्या चहाला सहा तास लागतात. गुंगीत उलटी झाली, तर ती फुप्फुसात जाऊ शकते. चहा झाला असेल, तर बहुतेक वेळा काम थोडं पुढे ढकलता येतं.

आणि काम ठरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: "बाबांच्या श्वासाकडे कोण बघणार?" आम्हाला त्याचा राग येणार नाही.