डोळ्यांचे औषध जिभेखाली

आमचे थोरले बंधू चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर बसले. कंपवात जडून हात कापू लागले, तरी त्यांनी त्याची पर्वा केली नाही. परंतु एके दिवशी दलालाशी बोलताना तोंडातील लाळ रोजमेळाच्या पानावर पडली, आणि त्या दिवसापासून अण्णांनी पेढीवर येणेच सोडले. असला विषय स्मरणिकेत शोभेल काय, असे एका सदस्यांनी आम्हांस विचारले. ज्यांच्या घरी असा कर्ता पुरुष दाराआड बसला आहे, त्यांनीच ते ठरवावे.

लाळ फार सुटते म्हणून गळते, हा आमचा समज चुकीचा निघाला. निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाकाठी सुमारे १ लिटर लाळ तयार होते व नकळत गिळली जाते. कंपवातात हे गिळणेच मंदावते. आमच्या धंद्याच्या भाषेत, आवक वाढलेली नसते. मालाची उचल होत नाही.

डॉक्टरांनी १ टक्का अ‍ॅट्रोपिनचे थेंब लिहून दिले. हे औषध मुळात डोळ्यांची बाहुली विस्फारण्याचे. तथापि जिभेखाली टाकले असता ते लाळग्रंथींना मिळणारी मज्जातंतूंची आज्ञा अडविते. परवान्यात न नोंदलेल्या अशा उपयोगास 'ऑफ-लेबल' म्हणतात. तो बेकायदेशीर नव्हे. मात्र शिशीवरील मजकूर घरच्यांस उलटीच वाट दाखवितो. 'डोळ्यांसाठी' असे वाचून सूनबाईंनी थेंब डोळ्यांत घातले, व आठ दिवस अण्णांना वहीतील अक्षर दिसेना. त्यात तिचा दोष नव्हता. चिठ्ठीवरील 'जिभेखाली' हा शब्द इंग्रजीत, आणि तोही किरट्या अक्षरांत होता.

पुढे थेंब योग्य जागी पडू लागले, लाळ आटली. पण अण्णा रात्री असंबद्ध बोलू लागले, लघवी अडली. वृद्धांच्या मेंदूवर व मूत्राशयावर या औषधांचा असा परिणाम होऊ शकतो. प्रोस्टेटची वाढ वा काचबिंदू असल्यास डॉक्टरांस आधीच सांगावे. त्यातून अण्णांचा चौविहार! सूर्यास्तानंतर पाणी नाही आणि तोंडाला कोरड.

मग थेंब बंद होऊन सकाळी ग्लायकोपायरोलेटची अल्प मात्रा सुरू झाली. हे मेंदूत फार कमी शिरते. अमेरिकेत २०१० साली त्याच्या पातळ औषधास लाळगळीसाठी मान्यता मिळाली ती ३ ते १६ वर्षांच्या मुलांकरिता. म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या अण्णांसाठी हाही उपयोग परवान्याबाहेरचाच. प्रौढांच्या लाळगळीसाठी तेथे २०१८ साली बोटुलिनमच्या टोचणीस मान्यता मिळाली. ती लाळग्रंथीतच देतात, गुण काही महिने टिकतो. खर्च मात्र मोठा.

हल्ली अण्णा दुपारी दोन तास पेढीवर येतात. खांद्यावर पंचा असतो. रोजमेळ लिहीत नाहीत, पण वानगीचा गहू तळहातावर घेऊन भाव तेच सांगतात.