सुट्या खंडांचे वर्गणीदार

अ‍ॅनिमेच्या डीव्हीडी जमवणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. मालिकेचा पहिला खंड बाजारात आला की त्याच महिन्यात तो घेणारा एक. सगळे खंड एका पेटीत बसून निम्म्या किमतीला येईपर्यंत खिशाला हात न लावणारा दुसरा. दुसऱ्या पंथाचे लोक शहाणे असतात. मी पहिल्या पंथातला, आणि बीडमध्ये राहून या पंथात असणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं घरच्यांचं कायमचं मत आहे.

आमच्या पिढीला हा नाद दूरदर्शनने लावला. १९९३ मध्ये रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान सगळ्यांना आठवतो, पण ती निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ५२ भागांची जपानी मालिका होती हे फार थोड्यांना. २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स वाहिनी आली, मग डोरेमॉन घराघरांत शिरला. हा इतिहास वाचकांना पाठ आहे, तो सोडून देतो. वाहिनीवर बघणं निराळं आणि चकती आपल्या कपाटात असणं निराळं. मोसर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढून हिंदी-मराठी सिनेमांचा बाजार उलटापालटा केला, पण ती स्वस्ताई जपानी मालिकांपर्यंत पोचली नाही. म्हणून मग अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांची बॅग. त्यातही अमेरिकेची चकती प्रदेश क्रमांक एकची आणि भारताचा प्रदेश पाच, म्हणजे सरळमार्गी प्लेअर ती वाजवणारच नाही. गल्लीतल्या दुकानात मिळणारे स्वस्त प्लेअर मात्र असला भेदाभेद मानत नसत. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

या बाजाराचा हिशेब ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’वरून चांगला कळतो. मालिका २६ भागांची, जपानमध्ये ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात दाखवलेली. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एडीव्ही फिल्म्सने ती आधी १३ कॅसेटींत विकली, कॅसेटीला दोन भाग. पुढे डीव्हीडीचे आठ सुटे खंड काढले. त्या काळी एका सुट्या खंडाची छापील किंमत तीस डॉलरच्या आसपास असे. आठ खंड घेणाऱ्याचे दोनशेच्या वर डॉलर गेले, मग त्याच आठ चकत्यांची पेटी आली, आणि नंतर ‘प्लॅटिनम’ नावाने सुधारलेली आवृत्ती पुन्हा सुट्या खंडांनी. सुटे खंड खपावेत म्हणून कंपन्या आणखी एक युक्ती करत. पहिल्या खंडासोबत एक सुंदर रंगवलेली रिकामी पेटी देत. घरात ती रिकामी पेटी दिसत राहिली की माणूस पुढचे खंड घेतल्याशिवाय राहत नाही. मी तरी राहिलो नाही.

जपानमध्ये तर चकतीवर दोनच भाग आणि किंमत पाच-सहा हजार येन. ही लूट नव्हती. मध्यरात्री दाखवल्या जाणाऱ्या मालिकांना वाहिनीकडून फारसं काही मिळत नसे. प्रकाशक, खेळणीवाले, ध्वनिमुद्रण कंपन्या एकत्र येऊन पैसा घालत आणि तो वसूल होई तो बहुतांशी याच चकत्यांतून. पहिल्या एक-दोन खंडांचा खप पाहून पुढचा हंगाम काढायचा की नाही ते ठरे. म्हणजे सुटा खंड घेणारा मालिका विकत घेत नव्हता, ती पुढे चालावी म्हणून पैसे लावत होता. पेटीवाल्याला मिळे ते त्याच्या पैशावर उभं राहिलेलं.

आणि हा पैसा बुडायचाही. सप्टेंबर २००७ मध्ये जेनिऑन या अ‍ॅनिमे कंपनीच्या अमेरिकी शाखेने आपलं वितरण थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेक मालिका अर्ध्यावर होत्या. ‘हेलसिंग अल्टिमेट’चे तीनच खंड आले होते. दहा भागांची ही मालिका जपानमध्येच २००६ ते २०१२ अशी रखडत पुरी झाली. चौथा खंड पुढच्या वर्षी निघाला तो फ्युनिमेशन या दुसऱ्या कंपनीच्या नावावर. १ सप्टेंबर २००९ ला एडीव्हीनेही गाशा गुंडाळला. पेटीची वाट पाहणारे तेव्हा आमच्यावर हसले. कंपन्या बुडायला चोरून उतरवलेल्या फायली कारणीभूत होत्या हे खरंच, पण ‘पेटी येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांनीही त्यांना कमी घायकुतीला आणलं नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

या कंपन्यांबद्दल वाचताना ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ची हकीकत हाती लागली आणि माझा सगळा शोध भलत्या वाटेला गेला. योशिकी तानाका यांच्या दहा खंडी कादंबरीवरची ही ११० भागांची मालिका १९८८ ते १९९७ या काळात निघाली, आणि ती वाहिनीसाठी काढलेलीच नव्हती. लोकांनी आगाऊ वर्गणी भरायची, टपालाने कॅसेटी घरी यायच्या, भागामागून भाग. आगाऊ वर्गणी, टपाल, हप्त्याहप्त्याने येणारा प्रचंड ग्रंथ. हे आपण कुठेतरी वाचलंय असं वाटत राहिलं, आणि मग केतकर आठवले.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि ब्रिटानिकाच्या तोलाचा कोश मराठीत करायचा असं त्यांनी मनात घेतलं. पाठीशी संस्थान नाही, सरकार नाही. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि पुढे सगळा पसारा पुण्याला हलवला. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड १९२० च्या दशकात बाहेर पडले. केतकरांच्या विद्वत्तेवर, कादंबऱ्यांवर आणि विक्षिप्तपणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यांच्या विक्रीवर फारसं कुणी लिहीत नाही. ते स्वतः गावोगाव वर्गणीदार मिळवत हिंडले. १९२७ मध्ये त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने मंडळाचा इतिहासच लिहून काढला. मोठ्या ग्रंथामागची पैशाची ओढाताण त्याच्या कर्त्याने स्वतः अशी मांडलेली मराठीत क्वचित सापडेल. ज्ञानकोशाबद्दल कौतुकाने बोलणाऱ्यांनी निदान ते पुस्तक तरी चाळायला हवं.

केतकर विक्रेते म्हणून मात्र हट्टी होते. कोश घेणाऱ्याला काय हवं असतं? अकारविल्हे नोंदी. केतकरांनी आधी पाच प्रस्तावनाखंड काढले: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. वर्गणीदाराने पैसे भरले कोशाला आणि हाती आले वैदिक वाङ्मयापासून विज्ञानाच्या इतिहासापर्यंतचे एकापाठोपाठ एक ग्रंथ. ‘अ’ यायचा तो सहाव्या खंडात. शरीरखंड २१ व्या खंडापर्यंत चालले, सूची २२ व्या खंडात आणि २३ वा पुरवणीचा. ज्या सूचीशिवाय एवढ्या मोठ्या कोशात नेमकी गोष्ट सापडणं अवघड, ती शेवटून दुसरी. कोणत्याही अ‍ॅनिमे कंपनीने असा क्रम लावला असता तर तिसऱ्या खंडाला दिवाळं वाजलं असतं. प्रस्तावनाखंड वाचनीय आहेत आणि काही ठिकाणी थोर आहेत. धंदा म्हणून ती आत्महत्या होती. तरीही कोश पुरा झाला याचं श्रेय केतकरांच्या जिद्दीइतकंच, ‘अ’ची वाट पाहत हप्ते भरत राहिलेल्या निनावी लोकांना द्यायला हवं.

या लोकांत आमच्या भागातला कुणी असेल तर त्याची पंचाईत दुप्पट होती. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात. अंबाजोगाईचं नाव सरकारी कागदांवर मोमिनाबाद. राज्यातलं चलन हाली शिक्का आणि पुण्याला चालणार ब्रिटिशांचा कलदार रुपया. शंभर कलदारांसाठी सुमारे एकशे सोळा हाली मोजावे लागत. म्हणजे पुण्याच्या वर्गणीदारापेक्षा इथल्या माणसाला आकड्यांत सोळा रुपये जास्त, वर वाहतूक. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तेव्हा १९२० च्या दशकात पुस्तकांचं गाठोडं कसं येत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. डॉलरचा भाव आणि प्रदेश क्रमांक यांच्या तक्रारी मी त्यानंतर बंद केल्या. १९३१ च्या हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केतकर होते. निजामाच्या राजधानीत मराठी वाचकांसमोर ते उभे राहिले तेव्हा कोश पुरा झालेला होता, एवढं समाधान त्यांना होतं.

केतकरांचं नाव तरी राहिलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते (१८९१–१९७३) यांचं नाव आज शब्दकोशाच्या पुठ्ठ्यावर तेवढं वाचलं जातं, तेही कर्व्यांच्या जोडीने ‘दाते-कर्वे’ असं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडलेला माणूस हाच. ज्ञानकोशाचं काम संपल्यावर दात्यांनी आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुन्हा नव्याने वर्गणीदार गोळा करायचं ठरवलं. एकदा हात पोळलेला माणूस असं करत नाही. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, जवळजवळ वर्षाला एक. हा वेग केतकरांकडून शिकलेला होता आणि केतकरांची चूक त्यांनी टाळली होती. इथे पहिल्या विभागापासून अकारविल्हे शब्द सुरू, प्रस्तावनेसाठी कुणाला पाच खंड थांबायला लावलं नाही. मग १९४२ आणि १९४७ मध्ये ‘वाक्संप्रदाय कोशा’चे दोन विभाग, १९४८ मध्ये ‘शास्त्रीय परिभाषा कोश’, १९४९ ते १९५१ मध्ये सहा भागांचा ‘सुलभ विश्वकोश’. तेवीस खंडांच्या पसाऱ्यात वावरलेला माणूस सहा भागांत मावेल, परवडेल असं काही लोकांना द्यायला निघाला होता. अमेरिकेत एडीव्हीने पुढे जाड डब्या टाकून पातळ डब्यांच्या स्वस्त पेट्या काढल्या, त्याच्या पन्नास वर्षं आधी पुण्यात हेच सुचलं होतं.

शब्दकोशाला १९५० मध्ये पुरवणी निघाली. पुरवणीसह एक लाख तीस हजारांहून अधिक शब्द. आता सात विभाग कपाटात लावून ‘संच पुरा झाला’ म्हणून निवांत बसलेल्या वर्गणीदाराचा विचार करा. बारा वर्षांनी आठवा खंड दारात. त्याने तो घेतला असणार. सुट्या खंडांचा नाद भिशीसारखा असतो, मधेच सोडली तर आधी भरलेलं सगळं फुकट गेल्यासारखं वाटतं. १९८८ मध्ये पुण्याच्या वरदा प्रकाशनाने शब्दकोश पुन्हा छापला, तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला तो एकदम संच म्हणूनच मिळाला. आज बहुतेकांकडे दिसतो तो हाच. त्यात गैर काही नाही. १९३२ ते १९३८ चे हप्ते दुसऱ्या कुणीतरी भरून झाले होते, एवढंच.

अंबाजोगाईच्या लोकांना खंडांची ही कटकट नवी नाही. तिथल्याच संत दासोपंतांनी (१५५१–१६१५) गीतेवर लिहिलेला ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या तेरा-चौदा पट. असा ग्रंथ एका बाडात कोण ठेवणार? छपाईच्या युगातही तो आला तो तुकड्यातुकड्यांनीच. त्याच दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय मात्र सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा एकाच कापडावर लिहून काढला, ती ‘पासोडी’. दासोपंतांच्या देवघरात जाऊन ती पाहिलेल्या माणसाला पूर्ण संचाचं आकर्षण काय असतं ते मी समजावून सांगायला नको. पण उघडून वाचायची म्हटलं तर पासोडीला अख्खी खोली लागते. गीतार्णवाचा एक अध्याय मांडीवर मावतो.

शेवटी सरकारी उदाहरण. वर्गणीदार नसले तर काय होतं ते ‘मराठी विश्वकोशा’ने दाखवलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला काम सुरू झालं, पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले. त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड असे मुख्य संपादक बदलत गेले. विसावा खंड एका बांधणीत मावला नाही आणि त्याचा उत्तरार्ध यायला २०१५ उजाडलं. एकोणचाळीस वर्षं. नोंदींचा दर्जा पाहता विश्वकोश ज्ञानकोशापेक्षा अनेक बाबतींत भरवशाचा आहे, तो एकट्या माणसाच्या मतांवर चालत नाही. पण पुढच्या महिन्यात कागदवाल्याचे पैसे चुकवायचे आहेत म्हणून केतकर आणि दाते ज्या घाईने खंड बाहेर काढत, ती घाई पगारी मंडळाला कशाला असेल? पहिला खंड वडिलांनी घेतलेला आणि उत्तरार्ध मुलाने, असे संच आता घरोघर असतील. आणि उत्तरार्ध निघेपर्यंत मंडळाने आधीचे खंड संगणकावर फुकट वाचायला ठेवायला सुरुवातही केलेली होती.