घरातून प्रोग्रामिंग, मांडीवर लेकरू

कोल्हापुरात आमचं ऑफिस आणि धाकट्याचा पाळणा एकाच खोलीत. थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड. सलग तासभर बसणं आम्ही विसरलोच. मग काम होतं कसं, असं पाहुणे विचारतात.

पहिला आधार गिटचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेलं हे साधन. थोडं काम झालं की नोंद करून ठेवायची; पोरानं कीबोर्ड बडवला तरी मागच्या नोंदीवर परत जाता येतं. दुसरा गिटहब कोपायलट, २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला झालेला. तो कोडच्या पुढच्या ओळी सुचवतो. पण आपला व्यवहार त्याला ठाऊक नसतो. आधीच्या कोडवरून पुढं काय येईल याचा अंदाज बांधतो. त्यामुळं चुकीचंही बिनधास्त सांगतो.

एकदा धाकट्याला भरवता भरवता आम्ही त्याचा कोड न वाचताच घेतला. १० टक्के सूट दोनदा वजा झाली, १०० रुपयांचं बिल ९० ऐवजी ८१! दुकानदाराचा फोन आला तेव्हा कळलं. नुकसान आम्हीच भरून दिलं.

आता लिहिणं दिवसा, तपासणं फजरनंतर, पोरं झोपेत असताना. थोरली कधीकधी उठतेच. "अब्बा, कॉम्प्युटर पण चुकतो?" म्हणत शेजारी बसते.